बाजार थंडावला तरी टीम उभी कशी ठेवायची: प्रॉपर्टी व्यवसायातल्यांसाठी एक कामाचा आराखडा

२०२१ साली अमेरिकेत सुमारे ६१ लाख जुनी घरं विकली गेली. २०२३ मध्ये हा आकडा ४१ लाखांच्या आत आला, म्हणजे तोवरचा, १९९५ नंतरचा नीचांक. त्याच २०२३ मध्ये घरांची मध्यम किंमत मात्र घसरली नाही. बातम्या वाचणाऱ्याला बाजार ठीकठाक वाटत होता आणि दलालीवर जगणाऱ्यांचा एकतृतीयांश धंदा गेलेला होता.

प्रॉपर्टीतली मंदी बहुतेक वेळा अशीच येते. आधी व्यवहारांची संख्या पडते, किमती नंतर पडतात, कधी पडतही नाहीत. आपलं उत्पन्न संख्येवर चालतं, त्यामुळे पहिला फटका आपल्याला बसतो. कारण साधं आहे. २० वर्षांच्या कर्जाचा व्याजदर ८ वरून ९ टक्क्यांवर गेला, तर हप्ता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. हप्ता तेवढाच ठेवायचा म्हटलं तर कर्ज ७ टक्क्यांनी कमी मिळतं. अमेरिकेत ३० वर्षांच्या कर्जाचा दर २०२१ च्या सुरुवातीला ३ टक्क्यांच्या खाली होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो जवळपास ७.८ झाला. म्हणजे तेवढ्याच कर्जाचा हप्ता सुमारे ७० टक्क्यांनी वाढला. घेणारा थांबला. ज्याचं जुनं स्वस्त कर्ज चालू होतं, तो विकणाराही थांबला.

अशा काळात कोण टिकतं, याचं उत्तर लोक स्वभावात शोधतात: अमका खंबीर, तमका हळवा. स्वभावाचा वाटा असतो, पण जास्त वाटा तीन गोष्टींचा असतो. शिल्लक किती महिन्यांची आहे, रोजच्या प्रयत्नांची नोंद आहे का, आणि तुटलेल्या व्यवहारातून काही शिकण्याची ठरलेली रीत आहे का. या तिन्ही गोष्टी बांधता येतात. आधी स्वतःसाठी बांधायच्या, मग टीमसाठी. क्रम उलटा केला की टीमचा ताण प्रमुखाच्या खिशावर येतो आणि दोन्ही एकदम कोसळतात.

पायरी १: तुमचा पैसा किती उशिरा येतो ते मोजा

मागचे १० पूर्ण झालेले व्यवहार घ्या. प्रत्येकापुढे दोन तारखा लिहा: क्लायंटशी पहिलं बोलणं कधी झालं आणि दलाली खात्यात कधी जमा झाली. मधले दिवस काढा, लहान ते मोठे असे लावा आणि मधला आकडा बघा. सरासरी काढू नका, कारण दीड वर्ष रखडलेला एकच व्यवहार सरासरी बिघडवतो.

समजा मधला आकडा ४ महिने आला. याचा अर्थ आज खात्यात येणारा पैसा ४ महिन्यांपूर्वीच्या मेहनतीचा आहे आणि आजचा आळस ४ महिन्यांनी दिसणार आहे. या धंद्यातली सर्वांत जुनी चूक इथेच होते. दोन-तीन व्यवहार एकदम बसतात, सगळा वेळ कागदपत्रं, बँक आणि ताबा यांत जातो आणि नव्या लोकांशी बोलणं बंद पडतं. ४ महिन्यांनी दुष्काळ पडतो आणि खापर बाजारावर फुटतं.

दहांतला सर्वांत उशिराचा आकडाही बाजूला लिहून ठेवा. पुढच्या पायरीत तो लागेल.

पायरी २: गंगाजळी

घरचा महिन्याचा न टळणारा खर्च आणि धंद्याचा न टळणारा खर्च (जागेचं भाडं, पगार, फोन, जाहिरात, प्रवास) यांची बेरीज करा. पायरी १ मध्ये काढलेल्या मधल्या आकड्यात २ ते ३ महिने मिळवा. ४ महिन्यांचा उशीर असेल तर ६ ते ७ महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात हवा. सर्वांत उशिराचा व्यवहार ९ महिन्यांचा असेल आणि तुमचे व्यवहार मोजके पण मोठे असतील, तर ९ महिने धरा.

दलाली आली की त्याच दिवशी वाटप करा. १०० आले तर सुरुवातीला हे वाटप चालतं: २५ कराच्या खात्यात (तुमच्या कराच्या दराप्रमाणे कमी-जास्त), २० गंगाजळीत, १० धंदा वाढवण्यासाठी आणि ४५ चालू खात्यात. त्या चालू खात्यातून स्वतःला दर महिन्याला ठरलेला पगार घ्या. महिना भरभराटीचा असो वा कोरडा, पगार तोच. गंगाजळी भरली की तिचे २० मोकळे होतात, तोवर नाही.

चुकतं ते मोठी दलाली आल्यावर. नव्या गाडीचा हप्ता, मोठं ऑफिस, जाहिरातीचा वर्षभराचा करार. एका महिन्याच्या कमाईवर पाच वर्षांचं ओझं घेतलं जातं. मोठा व्यवहार झाल्यावर ६० दिवस कोणताही नवा कायमचा खर्च करायचा नाही, हा नियम लिहून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

रिकामा खिसा आपला सल्ला बिघडवतो, म्हणूनही गंगाजळी लागते. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन यांनी शिकागोच्या उपनगरांतल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकताना ते बाजारात साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि क्लायंटच्या घरांच्या तुलनेत ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यात दिसलं. घर १०० ला जातंय आणि थांबलं तर १०४ ला जाईल, असं समजा. मालकाला त्या थांबण्याचे ४ मिळतात. २ टक्के दलाली घेणाऱ्या एजंटला मिळतात ०.०८. मग तोंडातून सहज निघतं, ‘घेऊन टाका ही ऑफर.’ ज्याला या महिन्याचा हप्ता भरायचाय, त्याच्या तोंडातून आणखी लवकर निघतं. हा हिशेब टीमसमोर उघडपणे मांडा. क्लायंटचा विश्वास नेमका इथे टिकतो किंवा जातो.

पायरी ३: शेवटाकडून सुरुवातीकडे मोजा

व्यवहार होणं आपल्या हातात नसतं. फोन करणं, भेटणं, जागा दाखवणं असतं. म्हणून आठवड्याचं उद्दिष्ट प्रयत्नांचं ठेवा.

वर्षाला १२ व्यवहार हवेत. चार गंभीर क्लायंटांमागे एक व्यवहार बसतो आणि दहा नव्या संभाषणांमागे एक गंभीर क्लायंट मिळतो, असं धरा. मग ४८ गंभीर क्लायंट, ४८० नवी संभाषणं, आणि कामाचे ४८ आठवडे धरले तर आठवड्याला १०. रोजची फक्त दोन. ही गुणोत्तरं नमुन्यादाखल आहेत. ९० दिवस नोंद ठेवली की तुमची स्वतःची मिळतील आणि ती कोणाच्याही सांगण्यापेक्षा खरी असतील.

वहीत चार रकाने पुरतात: नवी संभाषणं, साइट व्हिजिट, लेखी ऑफर, झालेले व्यवहार. रोग कुठे आहे ते रकानेच सांगतात. संभाषणं भरपूर आणि व्हिजिट कमी, तर फॉलोअप ढिला आहे किंवा बजेट आणि निकड न विचारताच यादी फुगवली जातेय. व्हिजिट भरपूर आणि ऑफर नाही, तर दाखवलेल्या जागा क्लायंटच्या गरजेशी जुळत नाहीत किंवा किमती चढ्या आहेत. ऑफर येतात आणि फिसकटतात, तर कागदपत्रं आणि कर्ज यांची तपासणी उशिरा होतेय.

नव्या संभाषणांसाठी रोज सकाळची ९० मिनिटं बाजूला ठेवा. सकाळचीच, कारण दुपारनंतर दुसऱ्यांची घाई आपला दिवस खाते. फॉलोअप त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी, सातव्या, एकविसाव्या आणि पुढे महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी हातात काहीतरी असू द्या: शेजारी नुकत्याच झालेल्या विक्रीचा आकडा, व्याजदरातला बदल, मागितलेला कागद. ‘मग काय ठरलं?’ एवढंच विचारायला फोन केला, तर तिसऱ्यांदा तो उचलला जात नाही.

पायरी ४: व्यवहार फिसकटल्यानंतरचे ४८ तास

तीन-चार महिने खपून जमवलेला व्यवहार सहीच्या आदल्या दिवशी तुटतो. हे टाळता येत नाही. पुढचे दोन दिवस कसे जातात, त्यावर पुढचे दोन महिने ठरतात.

पहिला तास दोन्ही बाजूंना फोन करण्याचा. दोष कोणाचा हा विषय काढू नका. इसाराची रक्कम कोणाकडे आहे, करारात परतीची अट काय आहे, मूळ कागद कोणाच्या ताब्यात आहेत, एवढं नक्की करा आणि दोघांना लेखी कळवा. ‘बघतो, करतो काहीतरी’ असं आश्वासन देऊ नका. रागाच्या भरात दिलेला शब्द नंतर वकिलापर्यंत जातो.

त्यानंतरचं ‘जर… तर…’ आधीच ठरवलेलं असावं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवलं, की नुसत्या इच्छेपेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करेन’ असं आधी बांधून ठेवलेलं काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता बरीच जास्त असते. उदाहरणार्थ: ‘व्यवहार तुटल्याचा फोन आला, तर दोन्ही पक्षांशी बोलून झाल्यावर अर्ध्या तासात दोन चालू क्लायंटना फोन करेन.’ हात कामाला लागतो आणि मन त्याच्या मागून येतं. पहिल्या २४ तासांत दलाली कमी करणं, कोणाला कामावरून काढणं, धंदा सोडणं असे निर्णय घेऊ नका.

४८ तासांच्या आत २० मिनिटांची बैठक घ्या. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकात सरावानंतरच्या आढाव्याची एक पद्धत रूढ झाली. तिचे चार प्रश्न इथे तंतोतंत लागू पडतात: काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय बदलायचं? उत्तरं लिहायचीच. ‘पार्टीच तशी होती’ हे उत्तर धरू नका, त्यातून बदलण्यासारखं काही हाती लागत नाही.

असे दहा आढावे जमले की कारणं दोन-तीन गठ्ठ्यांत पडलेली दिसतात आणि प्रत्येकावरचा उपाय बराच आधीच्या टप्प्यावर असतो:

- कर्ज नाकारलं गेलं: दुसऱ्या व्हिजिटच्या आधी बँकेचं पूर्वमंजुरी पत्र मागा. क्लायंटला अवघडल्यासारखं होईल या भीतीने हे टाळलं जातं आणि तीन महिने वाया जातात.
- घरातल्या कोणीतरी ऐन वेळी नकार दिला: पहिल्याच भेटीत विचारा, ‘हा निर्णय आणखी कोणाला विचारून घ्यावा लागेल?’ ज्यांचं नाव येईल, त्यांना निदान एका व्हिजिटला आणाच.
- मालकी हक्काच्या कागदात खोट निघाली: लिस्टिंग, म्हणजे जागा विकून देण्याचं काम, घेतानाच प्रती घ्या आणि जाहिरातीआधी वकिलाला दाखवा. वारसांपैकी एकाची सही बाकी असणं आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरवलेला नसणं, या दोन गोष्टी सर्वांत जास्त अडवतात.
- बँकेचं मूल्यांकन कमी आलं: जवळपासच्या, मागच्या ६ महिन्यांतल्या ३ ते ५ विक्रींची माहिती तयार ठेवा आणि मूल्यांकन करणाऱ्याला ती द्या.

पायरी ५: मालकाशी किमतीबद्दल बोलणं

नेतृत्व म्हटलं की लोकांना टीमच आठवते. थंड बाजारात त्याची खरी परीक्षा मालकासमोर होते, कारण जे ऐकायची तयारी नाही ते आदराने सांगावं लागतं.

मालक हट्टी का होतो, हे समजून घेतलं तर बोलणं सोपं जातं. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनच्या फ्लॅटबाजाराचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावं लागणार होतं, ते मालक त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के जास्त किंमत सांगत होते. स्वतः त्या घरात राहणाऱ्यांत हा परिणाम गुंतवणूकदारांच्या जवळपास दुप्पट होता. तोटा मान्य करणं माणसाला जड जातं. त्यामुळे ‘तुमची किंमत चुकीची आहे’ हे वाक्य कधीच उपयोगी पडत नाही.

लिस्टिंग घेतानाच, दोघंही शांत असताना, एक अट लिहून ठेवा: ‘३० दिवसांत किंवा १० व्हिजिटांनंतर ऑफर आली नाही, तर किमतीवर पुन्हा बसू.’ दोन दृश्यं वेगळी ओळखा. बघायलाच कोणी येत नाही, तर किंमत किंवा जाहिरातीतले फोटो चुकतायत. येतात आणि ऑफर देत नाहीत, तर जागेच्या स्थितीत काहीतरी खटकतंय किंवा याच किमतीत शेजारी बरं मिळतंय.

मालकाला दुसरं मोठं घर घ्यायचं असेल, तर कागदावर हा हिशेब करून दाखवा. त्याचं घर १०० चं, घ्यायचं घर १५० चं. बाजार १० टक्के उतरला तर विकताना १० गेले, घेताना १५ वाचले. निव्वळ ५ चा फायदा. थांबण्याचा खर्चही मांडा: महिन्याचं व्याज, देखभाल, कर. आकडे त्यांच्याच हाताने लिहून घेतले तर जास्त पटतात. अर्थात, जे लहान घरात जात आहेत त्यांना हा हिशेब उलटा पडतो. त्यांनाही तो तितक्याच स्पष्टपणे सांगा.

पायरी ६: टीम

पहिला माणूस कोणता घ्यावा? बहुतेक जण दुसरा एजंट घेतात. आठवड्याचे १२ ते १५ तास कागदपत्रं, वेळा ठरवणं आणि जाहिराती चढवणं यांत जात असतील, तर आधी ऑफिस सांभाळणारा माणूस घ्या. तुमचे मोकळे झालेले तास नव्या संभाषणांना लावा. त्यानंतर एजंट.

नव्या एजंटला पहिल्याच दिवशी खरं सांगा: ४ ते ६ महिने दलाली मिळणार नाही, तेवढी सोय आहे का? नसेल तर पुढच्या दलालीतून वळती होणारी मासिक उचल द्या. तिची मर्यादा, मुदत आणि मध्येच सोडून गेल्यास काय, हे लिहून ठेवा. न लिहिलेल्या उचलीवरून चांगली नाती तुटतात.

पहिले ९० दिवस असे विभागा. १ ते १५: परिसर पायाखाली घालणं, किमान ३० जागा प्रत्यक्ष बघणं, प्रत्येकीची एक पानी नोंद. १६ ते ४५: अनुभवी माणसाबरोबर फिरणं, बोलणं कमी, ऐकणं जास्त. ४६ ते ९०: स्वतःचे क्लायंट, पण किमतीच्या बोलणीला अनुभवी माणूस शेजारी. घाई करून तिसरा टप्पा आधी आणला, तर नवखा माणूस पहिल्याच बोलणीत दलाली सोडून देतो आणि पुढे तीच सवय लागते.

एका माणसाला ६ ते ८ जणांना नीट घडवता येतं. त्यापुढे गेलं की नुसती हजेरी घेतली जाते. प्रत्येकाबरोबर आठवड्याला २५ मिनिटं एकट्याने बसा, समोर तेच चार रकाने. पंधरवड्यातून एकदा त्याच्या व्हिजिटला सोबत जा, गप्प राहा आणि परतताना एकच सुधारणा सांगा. पाच सांगितल्या तर एकही होत नाही.

टीम फुटण्याचं सर्वांत मोठं कारण लीडची, म्हणजे नव्याने चौकशी करणाऱ्या लोकांची, वाटणी. सर्वांत जास्त विकणारा माणूस प्रमुख होतो आणि चांगले लीड स्वतःकडे ठेवतो. मग टीम त्याच्यासाठी काम करत नाही, त्याच्याशी स्पर्धा करते. पाळीचा नियम लिहा. लीडला ठरलेल्या वेळेत, समजा एका तासात, फोन गेला नाही तर तो पुढच्याकडे जाईल. प्रमुखाचे स्वतःचे क्लायंट फक्त जुन्या ओळखींतून येतील.

वाईट बातमी लवकर कशी कळेल याचीही सोय करा. एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या रुग्णालयांवरच्या अभ्यासात एक उलटी वाटणारी गोष्ट दिसली: चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथले लोक चुका बोलून दाखवत होते. आपल्याकडे ‘क्लायंट गेले चार दिवस फोन उचलत नाही’ हे चौथ्या दिवशी कळलं तर काही करता येतं, विसाव्या दिवशी कळलं तर फक्त आढावा घेता येतो. नियम असा ठेवा: धोका दिसला की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सांगायचं. सांगणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत, लपवणाऱ्याला बसतील. पहिल्यांदा कोणी सांगेल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो, हे सगळे बघत असतात.

पायरी ७: मंदीत कापायचा क्रम

चाहूल तीन ठिकाणी लागते: जागा विकायला लागणारे दिवस वाढतात, चौकशीतून व्हिजिट होण्याचं प्रमाण घटतं, ठरलेल्या भेटी जास्त रद्द होतात. तिन्ही सलग ६ आठवडे दिसलं की बातम्यांची वाट बघू नका.

गंगाजळी ५ महिन्यांवर आली: ज्या जाहिरातीतून किती लीड आले हे सांगता येत नाही, ती बंद. ४ महिन्यांवर: प्रमुखाचा पगार कमी, इतरांचा नाही. ३ महिन्यांवर: जागा लहान करा आणि लवकर पैसा देणारी कामं वाढवा, म्हणजे भाड्याचे व्यवहार आणि दूर राहणाऱ्या मालकांच्या घरांची देखरेख. भाड्यात दलाली कमी, पण व्यवहार काही दिवसांत उरकतो. शिवाय आजचा भाडेकरू उद्याचा खरेदीदार असतो. २ महिन्यांवर: माणसं कमी करावी लागतील. ती एकदाच करा, कारण स्पष्ट सांगा आणि उरलेल्यांना आकडे दाखवा. दर महिन्याला एकेक माणूस काढला, तर उरलेले सगळे बाहेर शोधायला लागतात.

सकाळची ९० मिनिटं आणि एकेकाबरोबरची २५ मिनिटं मात्र कापू नका. मंदीत नेमकी हीच पहिल्यांदा गळतात.

पायरी ८: सुट्टी

आठवड्यातला एक दिवस फोन बंद. क्लायंट सुट्टीच्या दिवशीच मोकळे असतात, म्हणून तुमचा दिवस आठवड्याच्या मधला असू द्या. आदल्या संध्याकाळी एक पानी नोंद सहकाऱ्याला द्या: चालू क्लायंटांची नावं, प्रत्येकाचा टप्पा, उद्या कोणाचा फोन येऊ शकतो, काय सांगायचं आणि कोणती गोष्ट माझ्याशिवाय ठरवायची नाही. क्लायंटलाही आधी सांगून ठेवा, की त्या दिवशी अमुक व्यक्ती बोलेल. पहिले दोन-तीन आठवडे चुळबुळ होते. चौथ्या आठवड्यापासून ती नोंद लिहायला दहा मिनिटं लागतात.